मनकर्णाच्या नावाचा फोन

पालमच्या पोस्टात शिरलं की डाव्या हाताला लाकडी जाळीचा आडोसा होता. त्या आडोशामागे अनसूयाबाई बसायच्या. गावाला त्या दिसायच्या कमी आणि ऐकू यायच्या जास्त. नाटकात विंगेमागे उभं राहून वाक्यं पुरवणारा एक माणूस असतो. प्रेक्षकांना तो कधीच दिसत नाही, पण एक दिवस तो आला नाही तर सिंहासनावरचा राजासुद्धा मुका होतो. बाईंचं तसं होतं. डोक्याला हेडफोनची पट्टी, समोर उभा बोर्ड, बोर्डावर भोकांच्या ओळी आणि प्रत्येक भोकाला एक पितळी झडप. कुणी घरी फोनचं हँडल फिरवलं की त्याची झडप खट्दिशी पडायची आणि बाई म्हणायच्या, "पालम. बोला."

गंमत अशी, की त्या बोर्डावर नाव कुणाचंच नव्हतं. होते ते आकडे. आणि गावात आकडा कुणालाच ठाऊक नव्हता. होती ती नावं. "बाई, आडतीवर लावा." "बाई, सरपंचाला द्या." "आमच्या मेव्हण्याच्या दुकानी जोडा बरं." नाव यायचं कानातून, आकडा निघायचा बोटांतून, आणि त्या दोहोंमधला सगळा रस्ता बाईंच्या डोक्यात. आडत जुन्या वेशीतून बाजारात हलली तेव्हा तारवाल्यांनी तार हलवली, भोकही बदललं. लोक मात्र "आडतीवर लावा" म्हणतच राहिले आणि बाईंचं बोट मुकाट्यानं नव्या भोकाकडे वळलं. गावाला त्याचा पत्ताही लागला नाही. डॉक्टर दुपारी कापडदुकानाच्या माडीवर पत्ते खेळत बसलेले असायचे. दवाखान्यातून कंपाउंडर घाबऱ्याघुबऱ्या आवाजात "डॉक्टरसाहेब!" म्हणाला की बाई डॉक्टरांच्या घरची घंटी वाजवण्यात वेळ घालवायच्या नाहीत, थेट कापडदुकानाची वाजवायच्या. नाव एका जागी आणि माणूस दुसऱ्या जागी असतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

खुद्द बाईंची दोन नावं होती. माहेरी, परभणीला, त्या हेमा. मॅट्रिक होऊन टेलिफोन खात्यात लागली तीही हेमाच. मग लग्नात माधवराव मास्तरांनी ताटात तांदूळ पसरले, अंगठीच्या टोकानं त्यात 'अनसूया' असं लिहिलं, पेढे वाटले गेले, आणि हेमा संपली. अगदीच संपली म्हणता येत नाही. खात्याच्या कागदावर ती जिवंत राहिली होती. पगाराच्या दिवशी बाई हेमा म्हणून सही करायच्या आणि पेन ठेवलं की पुन्हा अनसूया व्हायच्या.

"एका अंगात दोन बाया," असं आश्रुबा म्हणायचा, "आन् पगार एकीचाच! सरकारनं लय फसवलं तुमाला."

आश्रुबा पोस्टातला शिपाई. तारा पोचवायचा, आणि बाहेरगावचा फोन आला की माणसं बोलावून आणायचा. फोन असलेली घरं गावात थोडी. बाकीच्यांसाठी पीपी असायचा. म्हणजे परभणीहून कुणी फोन लावताना अमुक माणसाशीच बोलायचंय म्हणून नाव द्यायचं. ते नाव परभणीच्या बाई पालमच्या बाईंना सांगायच्या, आणि आश्रुबा सायकल काढून त्या माणसाला शोधत जायचा. माणूस सापडला, पोस्टात येऊन रिसीव्हर कानाला लावला, की बोलणं सुरू. सापडला नाही, तर परभणीला इतकंच कळवायचं, की माणूस उपलब्ध नाही. का नाही, कुठे गेला, कधी येईल, हे सांगायचं नाही. नियमच तसा होता.

ते दिवस नावाच्या भांडणाचे होते. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव मुंबईला झाला होता आणि इकडे मराठवाड्यात घरं जळली होती. कुणाची जळली ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी जाळली हे विचारायची पद्धत नव्हती. वर्ष उलटलं तरी धग गेली नव्हती. कुठे बंद, कुठे रस्ता अडवलेला, एसटी आगारातच उभी, हे चालूच होतं. पोस्टाच्या ओट्यावर पेपर यायचा. तो वाचायला दिनकरराव पौळ रोज सकाळी हजर. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. पौळांच्या गल्लीत तीन आप्पा होते, पण आवाज मोठा तो यांचा.

"नाव म्हंजी काय अंगरखा हाय का?" पेपर मांडीवर आपटून आप्पा म्हणायचे. "आज ह्यो घातला, उद्या त्यो घातला! जन्मापासून जे हाय ते हाय. ते बदलायचं म्हंजी इज्जतीचा सवाल हाय."

एकदा आडोशामागून आवाज आला, "आप्पा, माझं जन्मापासूनचं नाव हेमा. मला कुठं कुणी विचारलं होतं?"

आप्पा हसले. "बाईचं येगळं आसतंय, बाई. घर बदललं की नाव बदललं. त्यात सवाल कसला आला?"

ओट्यावरची माणसं हसली. आश्रुबाही हसला. खोटं कशाला सांगावं, अनसूयाबाईसुद्धा हसल्या.

त्यानंतरच्या चैत्रातली ही गोष्ट. दुसऱ्या दिवशी बंद पुकारलेला होता. गावातली बहुतेक माणसं ज्वारीच्या खळ्यावर गेलेली. दुपार अशी तापली होती, की बोर्डावरच्या झडपाही आळसावल्यासारख्या मिटून बसल्या होत्या. तेवढ्यात ट्रंकची, म्हणजे बाहेरगावच्या तारेची, झडप पडली.

"हेमे, पीपी घे."

परभणीच्या बोर्डावर रुख्मिणी होती. दोघी एकाच वर्षी खात्यात लागलेल्या, एकाच बाकावर शिकलेल्या. बाईंना अजून हेमा म्हणणारी ही एकटीच उरली होती, आणि तीही तारेवरून.

"कुणासाठी?"

"मनकर्णा पौळ."

"कुणाची कोण? इथे अख्खी गल्ली पौळांची आहे."

"तेच तर रडणं आहे! म्हातारी आहे गं एक. दवाखान्याजवळच्या पोस्टातून बोलतेय. घरधन्याचं नाव सांगा म्हटलं, तर म्हणते ते नाव घेता येत नाही. चार वेळा विचारलं. आता रडायलाच लागली. आप्पा पौळांचं घर, एवढं मात्र बोलली."

"दे इकडे. मी विचारते."

तारेत वारा शिरल्यासारखी घरघर झाली. तिच्या तळाशी एक बारीक आवाज होता.

"माझी मनकर्णा... बोलवा हो बाई. लवकर बोलवा. ह्यांचं काय खरं न्हाई आता."

"आजी, मी पालमहून बोलतेय. तुमचं नाव काय?"

"कमलबाई. पेडगावची."

"आणि मनकर्णाबाईंच्या घरधन्याचं?"

घरघर. मग, "तेवढं इचारू नका हो, बाई. आजच्याला तरी त्ये माझ्या तोंडून काढू नका."

पुढचं काही ऐकू आलं नाही. मधेच गंगाखेडचा कुणी व्यापारी तारेत घुसला आणि सरकीचा भाव विचारू लागला. त्याला बाहेर काढेपर्यंत आजीचा आवाज बुडाला होता. बाईंनी रुख्मिणीला सांगितलं, "थांबवून ठेव तिला. मी माणूस पाठवते." आणि आश्रुबाला हाक मारली, "पौळांचे तिन्ही आप्पा पालथे घाल. मनकर्णा कुणाकडे आहे ते बघ. कुणीतरी मरणाच्या दारात आहे, सायकल जरा जोरात मार."

आश्रुबानं खरंच जोरात मारली. मारुतीजवळच्या आप्पांकडे मनकर्णा नावाची बाई नव्हती. दुसऱ्या आप्पांनी तर बिऱ्हाडच लेकाकडे हलवलं होतं. तिसरे दिनकरराव. त्यांच्या दाराला कुलूप होतं, सगळे खळ्यावर गेलेले. शेजारच्या ओट्यावर सरजाबाई तुरीची डाळ पाखडत बसली होती. सरजाबाईला गल्लीतलं सगळं ठाऊक असायचं, आणि नसलं तर ती ठाऊक करून घ्यायची.

"मनकर्णा?" सुपावरून मान वर न करता ती म्हणाली. "आप्पाची मनकर्णा? आरं, ती मरून किती सालं झाली! तिचं तेरावं तूच जेवलास की रे मेल्या. बुंदीचे लाडू होते."

आश्रुबाला लाडू आठवले. आप्पांची बायको गेली होती खरी. तिला सगळे आप्पाची म्हातारी म्हणायचे, म्हणून नाव डोक्यातून गेलं होतं. तो घाम पुसत परत आला आणि आडोशाशी उभा राहून म्हणाला, "सापडली बाई. दिनकररावाच्या घरची. पर आता ती कुठल्या गाडीनं यायची? ती वर गेलीय."

अनसूयाबाईंनी मनात सगळं जुळवून पाहिलं. नाव जुळलं. आडनाव जुळलं. आप्पांचं घर, तेही जुळलं. बोलावणारी म्हातारी, बोलावलेलीही म्हातारी. पेडगावची कुणी मैत्रीण असेल, मावसबहीण असेल, बिचारीला इतक्या वर्षांत खबर लागली नसेल. एकही टाका सुटलेला दिसत नव्हता.

नियमानं त्यांनी म्हणायला हवं होतं, माणूस उपलब्ध नाही. एवढंच म्हटलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण नवरा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतोय आणि ही म्हातारी पोस्टाच्या बाकावर कधीच न येणाऱ्या माणसाची वाट बघत बसेल, हे त्यांना पाहवेना. दयाळू माणसाच्या हातून जे घडतं तेच त्यांच्या हातून घडलं.

"रुख्मिणे, तिला ताटकळत ठेवू नको. ती मनकर्णा वारली आहे. आजारी माणसाचं घर आहे, जरा हळुवार सांग."

"सांगते," रुख्मिणी म्हणाली. आणि तिनं हळुवार सांगितलं.

दिवस कलला. खळ्यावरची माणसं परतू लागली. पोस्टासमोरच्या हॉटेलात आश्रुबा चहा पीत बसला होता. दिनकररावांचा मुलगा सिताराम, अंगावर ज्वारीचा भुसा घेऊन, तिथं टेकला. आश्रुबाला कळ काढल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही.

"सितारामदादा, तुमच्या आईला फोन आलता आज."

"कुनाच्या आईला?"

"तुमच्याच. परभणीहून. म्या सांगितलं, तिकडची लाईन अजून आमच्याकडं आली न्हाई!"

हॉटेलात हशा झाला. सितारामही हसला. आई जाऊन इतकी वर्षं झाली होती, की तिच्यावरचा विनोद आता सोसवत होता. घरी गेल्यावर हातपाय धुता धुता त्यानं तो बायकोला सांगितला. सुमन चुलीपुढे भाकरी थापत होती. बाजूला फडक्यात दोन महिन्यांची पोर निजलेली. बाळंतपणाला माहेरी जायचं होतं, पण माहेरी वडिलांनी अंथरूण धरलेलं, म्हणून बाळंतपण इथंच झालं, तेही अवघड झालं. आईला पोर दाखवायची राहिली होती. रोज कुठला ना कुठला बंद, जाणार कशी?

"आईला फोन आलता म्हने," सिताराम हसत म्हणाला. "परभणीहून कुनीतरी. मनकर्णाला बोलवा म्हने."

सुमनचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपू लागली.

"आवो," ती म्हणाली, "मनकर्णा मी हाय."

सिताराम तिच्याकडे बघतच राहिला. ताटातल्या तांदळावर 'सुमन' हे नाव यानंच लिहिलं होतं. घरात मनकर्णा आधीच एक होती, त्याची आई. त्याच नावाची सून आली तर तिला हाक कशी मारायची? सासूनं स्वतःच्याच नावानं ओरडायचं का? म्हणून तिला सुमन केली. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पुढं सासू गेली आणि मनकर्णा हे नाव या गावात तिच्याबरोबरच पुरलं गेलं. सुनेचं ते नाव फक्त पेडगावात उरलं, दोन म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी.

अनसूयाबाई बोर्ड आवरत होत्या. दारात धावल्याची चाहूल लागली. आडोशाच्या जाळीवर पिठानं माखलेली दहा बोटं येऊन रुतली.

"बाई, मनकर्णा मी. माझ्या आईचा फोन हुता. मला जोडून द्या."

मागे सिताराम पोर छातीशी धरून उभा होता. बाईंनी एकदा त्या मुलीकडे पाहिलं, एकदा तिच्या नवऱ्याकडे. आपण दुपारी काय केलं हे त्यांना तेव्हा कळलं.

"मग आजींनी यांचं नाव का नाही सांगितलं?" त्या कशाबशा म्हणाल्या. "सिताराम एवढं म्हणाल्या असत्या तरी..."

"ती कशी घेईल?" सुमन म्हणाली. "माझ्या बाबांचं बी त्येच नाव हाय. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी हुतंय, ह्ये तिच्या मनात पक्कं हाय. तुमी चिरडलं आसतं तरी आज तिनं त्ये नाव घेतलं नसतं."

दोन्ही सिताराम एकाच नावाखाली झाकले गेले होते. एकाला वाचवायचं म्हणून म्हातारीनं दुसऱ्याचं नाव गिळलं, आणि त्या एका गिळलेल्या नावासाठी तिची लेक हरवली.

बाईंनी हँडल फिरवलं. गंगाखेड. परभणी.

"रुख्मिणे, दुपारची ती म्हातारी..."

"अगं, काय सांगू हेमे! मी हळूच सांगितलं गं, शपथेवर सांगते. तर ती काहीच बोलली नाही. ठेवलासुद्धा नाही फोन. कितीतरी वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत होता. मग पोस्टातला बाबू बोलला, म्हातारी खाली बसलीय, उठेना. का गं? काय झालं?"

"दवाखाना दे."

दवाखान्याचा फोन कितीदा तरी लागला नाही. लागला तेव्हा एका दमलेल्या आवाजानं विचारलं, पेशंटचं नाव? बाईंनी सुमनकडे पाहिलं. सुमनला ते नाव घेता येत नव्हतं. तिच्याही कुंकवाचं तेच नाव होतं. मग बाईंनीच सांगितलं, "सिताराम. पेडगावचे."

पलीकडे कुणाला तरी विचारल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं. बाईंनी ऐकलं, आणि जे ऐकलं ते त्यांच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं, "सिताराम गेले?"

जिवंत सिताराम त्यांच्यासमोर उभा होता. त्यानं पोरीला घट्ट धरलं. सुमन खाली बसली नाही, ओरडली नाही. जाळीतून एकेक बोट सोडवून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमी तिला काय सांगितलं हुतं?"

बाईंनी सांगितलं. लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बंद होता. एसटी नव्हती. सितारामनं बैलगाडी जुंपली. गंगाखेडपर्यंत गाडीनं, पुढे कडब्याच्या ट्रकमधून, ठिकठिकाणी अडवत, विचारपूस करत, ती माणसं पेडगावला पोचली तेव्हा स्मशानातली राखसुद्धा निवली होती.

तिथं काय झालं हे सितारामनं नंतर पोस्टात येऊन सांगितलं. सांगायची काही गरज नव्हती, पण तो आला, आणि आडोशाबाहेर स्टुलावर बसून बोलला. बाईंना दोष द्यायला तो आला नव्हता. एकट्याला ते पेलवत नव्हतं, एवढंच.

कमलबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. लेक दारात आली तरी उठली नाही. बायका ओरडल्या, "कमळे, बघ, तुझी मनी आलीय!" तर तिनं डोळे बारीक केले आणि म्हणाली, "मनी तर काल गेली." सुमन तिच्या पुढ्यात बसली, पोर तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं लेकीचा चेहरा चाचपला, कान चाचपले, हनुवटीवरचं गोंदण अंगठ्यानं पुसून बघितलं. गोंदण पुसलं गेलं नाही, तेव्हा ती रडली.

मग म्हणाली, "म्या त्यांला सांगणार नव्हते गं. पर ते इचारायले, बोलली का पोर, येतीय का? सकाळपून डोळे दाराकडं लावून बसले हुते. तुझ्यासाठीच थांबले हुते. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांला कळलं. म्हनले, मग मी आता कुनाची वाट बघायलोय? आन् भिंतीकडं तोंड केलं."

एवढं सांगून सिताराम स्टुलावरून उठला. बोर्डावर कुणाची तरी झडप पडली. बाईंनी ती तशीच पडू दिली.

आप्पा दोन आठवडे पेपर वाचायला आले नाहीत. आले त्या दिवशी पहिल्या पानावर नामांतराचंच होतं. ओट्यावरचा कुणीतरी म्हणाला, "बघा आप्पा, परत नावाचंच काढलंय." सगळे आप्पांच्या तोंडाकडे बघू लागले. आप्पांनी पेपरची घडी केली, ती मांडीखाली ठेवली आणि समोरच्या लिंबाकडे बघत बसले. नावावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांचं मत बदललं की नुसता आवाज बसला, देवाला ठाऊक.

अनसूयाबाईंनी मात्र एक नवी रीत सुरू केली. कुणा बाईसाठी पीपी आला की त्या आधी विचारायच्या, माहेरचं नाव की सासरचं? आणि बाजारात, हळदीकुंकवात, विहिरीवर, जी बाई भेटेल तिला विचारायच्या, तुम्ही माहेरच्या कोण? आधी बायका लाजल्या. मग त्यांना चटक लागली. काही जणी तर आपण होऊन पोस्टात यायच्या. फोन करायचा नसायचा, तार यायची नसायची. जाळीजवळ तोंड नेऊन, इकडेतिकडे बघून, चोरटेपणानं म्हणायच्या, "बाई, ध्यानात ठेवा. मी गीताबाई न्हाई. मी कस्तुरा." आणि ते नाव उच्चारताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा, की बाईंना तिकडे बघवत नसे.

बाईंनी ते कुठं लिहून ठेवलं नाही. सगळं डोक्यात. पुढं कैक वर्षांनी पालमला आपोआप चालणारं यंत्र आलं. लोखंडी कपाट, आत दिवे, माणूस नाही. त्याला नाव कळत नव्हतं, आकडाच लागायचा. जुना बोर्ड आणि त्याच्या पितळी झडपा टेम्पोत घालून नेल्या. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला तोही त्याच सुमाराला. तोवर आप्पा राहिले नव्हते. अनसूयाबाईंना मास्तरांनी विचारलं, आता घरी बसून काय करणार? त्या म्हणाल्या, "एवढ्या बायका डोक्यात आहेत. त्यांचं काय करू ते कळत नाही."

पण हे सगळं नंतरचं. त्याच वर्षीच्या दिवाळीआधीची एक सकाळ सांगायची राहिली आहे.

ट्रंकची झडप पडली. रुख्मिणी होती. नेहमीसारखं "हेमे" म्हणाली नाही. "पालम, पीपी आहे," इतकंच म्हणाली, आणि थेट जोडून दिलं. तार त्या दिवशी स्वच्छ होती. शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं तसा आवाज आला.

"पालम का? सिताराम दिनकरराव पौळ यांच्या घरची सुमन बोलवा."

एका दमात. न अडखळता. शाळेतल्या मुलानं पाठ म्हणावा तसं सगळं नाव, बापासकट, आडनावासकट. बाईंना आवाज ओळखू आला. नाव आता तिच्या जिभेला अडत नव्हतं. ज्याचं आयुष्य त्यानं कमी होईल, असं कुणी उरलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "हो आजी. बोलावते. मनकर्णाला आत्ता बोलावते."



"नगं बाई," कमलबाई म्हणाली. "सुमनच म्हना. मनकर्णाला हाक मारून एकदा बघितलंय म्या."

बाईंनी कानावरचा हेडफोन नीट केला. मग आडोशाबाहेर वाकून आश्रुबाला हाक मारली आणि सांगितलं, सितारामच्या घरी जा, सुमनला बोलाव. आश्रुबानं तोंड उघडलं, काहीतरी बोलणार होता. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं ते मिटलं आणि सायकल काढली.

तो परत येईपर्यंत तार उघडीच होती. दोघी दोन टोकांना गप्प बसून होत्या, आणि एकमेकींचा श्वास दोघींना ऐकू येत होता.